घरचा प्रवास, कामाचा प्रवास

ऑगस्ट २०२५ मधल्या एका रविवारी दुपारी मी माझा फॉर्म २६एएस (आपल्याला मिळालेल्या रकमा आणि त्यावर कापलेला कर दाखवणारं आयकर खात्याचं पत्रक) पहिल्यांदा नीट वाचला. वर्षभरात मला मिळालेली रक्कम तिथे ८,०४,००० रुपये दिसत होती. माझ्या वहीत फी होती ७,३८,०००. मधले ६६,००० कुठून आले, ते मला अर्धा तास कळेना. मग वहीची मागची पानं उलटली आणि लक्षात आलं, हे तर माझं रिक्षा-टॅक्सीचं भाडं! संस्थेने ते फीसोबत एकाच बिलात दिलं होतं आणि फीइतकाच त्यावरही दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला होता. म्हणजे कुर्ल्याच्या रिक्षावाल्याच्या हातात मी जे पैसे दिले, ते सरकारदरबारी माझी कमाई म्हणून उभे होते.

मी मराठी शिकवते. बँका, विमा कंपन्या, बीकेसीतली (वांद्रे-कुर्ला संकुलातली) मोठी ऑफिसं इथे परप्रांतातून बदली होऊन आलेल्या लोकांना बोलण्यापुरती मराठी यावी म्हणून वर्ग असतात. हे वर्ग एक प्रशिक्षण संस्था घेते आणि मी त्या संस्थेची ‘स्वतंत्र सल्लागार’ आहे. करारात असंच लिहिलंय. पगार नाही, पीएफ नाही, रजा नाही. त्याआधी मी नऊ वर्षं नोकरी केली. तेव्हा फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) हातात यायचा, तासाभरात रिटर्न भरून व्हायचं. नोकरदाराला दरमहा १,६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त असायचा. तो २०१८-१९ पासून गेला आणि त्याच्या जागी ४०,००० ची प्रमाणित वजावट आली. पुढे ती ५०,००० झाली, आणि नव्या करप्रणालीत २०२४-२५ पासून ७५,०००. डोंबिवलीहून अंधेरीला कसं जाता, किती धक्के खाता, हे नोकरदाराला कुणी विचारत नाही. वजावट आपोआप मिळते. सल्लागार झाल्यावर ही ७५,००० ची वजावट मला नाही, हे मला त्या रविवारी कळलं.

माझ्या आठवड्याचे दोन भाग आहेत, आणि सगळा घोळ या दोन भागांतच होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी कंपन्यांमध्ये जाते, दिवसाला दोन वर्ग. मंगळवार, गुरुवार, शनिवार दादरला संस्थेच्या स्वतःच्या खोलीत संध्याकाळच्या बॅचेस. कंपनीत गेलं की दर वर्गामागे ३०० रुपये प्रवासखर्च मिळायचा. वर्षात असे २२० वर्ग झाले, म्हणून ते ६६,०००. दादरचा प्रवास माझा मला.

कंपन्यांचा दिवस कसा असतो ते सांगते. डोंबिवलीहून लोकलने कुर्ला. पश्चिमेला उतरलं की बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग. पावसात ती रांग पुलाच्या जिन्यापर्यंत येते, आणि दहाचा वर्ग गाठायचा तर कधी कधी आख्खी रिक्षा करावीच लागते. साडेअकराला वर्ग सुटला की दीडच्या आत मरोळला पोचायचं. सोबत वीस जणांच्या सरावपुस्तिका, छोटा स्पीकर आणि लॅपटॉप असतो, म्हणून तिथे ॲपवरून टॅक्सी. तिथून परत मेट्रोने घाटकोपर आणि लोकलने घर. (माझे विद्यार्थी पहिला सराव रिक्षातच करतात. ‘डावीकडे घ्या’, ‘सिग्नलच्या पुढे थांबवा’ हे बिनचूक जमलं की दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन इतक्या आनंदाने सांगतात, की माझाच दिवस चांगला जातो.)

न्यू जर्सीतली माझी आतेबहीणही असंच फ्रीलान्स काम करते. तिला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, सोपं आहे, मैल मोजायचे!’ तिच्याकडे २०२४ साठी कामाच्या प्रत्येक मैलामागे ६७ सेंट वजावट धरता येत होती. स्वतःची गाडी, मैलांची नोंद, गुणाकार केला की झालं. मी उत्साहाने नकाशा उघडला आणि दोन संध्याकाळी किलोमीटर मोजत बसले. त्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. आपल्याकडे माझ्यासारख्या व्यावसायिकाला किलोमीटरमागे असा ठरलेला दर नाही. प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि तो कामासाठीच झाला का, एवढंच इथे बघतात.

माझी एक मैत्रीण इंटिरियर डिझायनर आहे. तिने सांगितलं, ‘४४एडीए लाव, निम्मं उत्पन्न दाखव आणि मोकळी हो.’ ती बरोबर होती, पण तिच्यापुरती. आयकराच्या त्या कलमाखाली वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, हिशेबतपासणी, तांत्रिक सल्ला, गृहसजावट आणि सरकारने अधिसूचित केलेले आणखी काही व्यवसाय असतील, तर एकूण जमेच्या पन्नास टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. त्यात रिक्षा, टॅक्सी, फोन, कागद सगळं उरलेल्या पन्नास टक्क्यांत आलं असंच समजतात, वेगळं काही मागता येत नाही. भाषा शिकवणं त्या यादीत नाही. मला आयटीआर-३ (व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांचा रिटर्नचा फॉर्म) भरायचा होता आणि खरा जमाखर्च मांडायचा होता.

हे मला सांगितलं ते फडके रोडजवळ बसणाऱ्या एका सीए बाईंनी. आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांची रिटर्न्स त्या भरतात. गौरी-गणपतीच्या गडबडीतही त्यांनी वेळ दिला. मी पिशवीभर पावत्या घेऊन गेले होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ताई, पावत्या नंतर बघू. आधी मला सांगा, तुमचं कामाचं ठिकाण कुठलं?’

मी म्हटलं, ‘मॅडम, कंपन्या. आणि दादर. आणि घरीही, पुस्तिका तिथेच तयार होतात.’

‘मग यातलं प्रत्येक भाडं कुठून कुठे जाण्याचं आहे, ते लिहून आणा. त्याशिवाय मी एक रुपयाही धरणार नाही.’

आयकर कायदा १९६१ च्या कलम ३७(१) चा अर्थ त्यांनी समजावला. खर्च भांडवली नको, खाजगी नको, आणि संपूर्णपणे व केवळ व्यवसायासाठी केलेला हवा. ‘केवळ’ या शब्दावर त्यांनी पेनाने दोनदा टिचकी मारली. घरून ठरलेल्या कामाच्या जागी रोज जाणं हा आपला खाजगी खर्च, कारण कुठे राहायचं हे आपण ठरवतो. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणं हा कामाचा खर्च. घर हेच खरोखर कामाचं मूळ ठाणं असेल आणि तिथून वेगवेगळ्या ग्राहकांकडे जावं लागत असेल, तर तोही कामाचाच.

मग त्यांनी इंग्लंडमधले दोन जुने खटले सांगितले. आपल्या कोर्टांवर ते बंधनकारक नाहीत, पण विचार कसा करतात ते कळावं म्हणून. १९५० च्या दशकातला पहिला. एक बॅरिस्टर लंडनबाहेर गावात राहायचा, संध्याकाळी घरीही ब्रीफ वाचायचा, आणि रोज लंडनमधल्या चेंबरला जायचा. गाडीभाड्याची वजावट त्याने मागितली, कोर्टाने दिली नाही. घरी तो राहतो म्हणून ये-जा करतो, असं कोर्टाचं म्हणणं. दुसरा १९७१ चा, एका गवंड्याचा. स्वतंत्र कंत्राटावर काम करणारा, हत्यारं आणि हिशेबाच्या वह्या घरी, आज या साइटवर तर तीन आठवड्यांनी दुसऱ्या. त्याला घरापासून साइटपर्यंतचा खर्च मिळाला, कारण त्याच्या धंद्याचं ठाणं त्याचं घरच होतं.

मी लगेच म्हटलं, ‘मॅडम, मी गवंडीच की!’

‘सोमवार, बुधवार, शुक्रवार तुम्ही गवंडी. मंगळवार, गुरुवार, शनिवार बॅरिस्टर.’

हे वाक्य मला मान्य होतं आणि तरी ते लागलं. कारण दादरच्या खर्चात शनिवारच्या रात्री होत्या. शनिवारची बॅच साडेनऊला सुटायची. गाड्या उशिराने धावत असल्या की मी दादरहून थेट डोंबिवलीपर्यंत टॅक्सी केली होती, वर्षात एकवीस वेळा, बावीस हजारांच्या वर. त्यातली एकही टॅक्सी हौसेची नव्हती. जुलैमधल्या एका रात्री दादरच्या पुलावर इतकी माणसं अडकली होती, की मी पर्स पोटाशी धरून चाळीस मिनिटं एकाच पायरीवर उभी होते, आणि शेवटी उलटी फिरून टॅक्सी बोलावली. मी काम करत होते म्हणूनच त्या वेळी तिथे होते. कायद्याच्या नजरेत मात्र मी फक्त घरी जात होते. सुरक्षित घरी पोचण्याचा खर्च कामाचा मानावा असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. उशिरापर्यंत काम करवून घेणाऱ्याने निदान तो द्यावा.

पण रिटर्नमध्ये आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नसतं. मी घरी आले आणि सगळं जमिनीवर पसरलं.

तीन ढीग केले. ॲपवरच्या टॅक्सी सर्वांत सोप्या. प्रत्येक फेरीची पावती ईमेलवर असते. तारीख, वेळ, कुठून कुठे, किती, पैसे कसे दिले, सगळं त्यात. त्या पावतीत जीएसटी असतो. माझी जमा वीस लाखांच्या खूप खाली, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे करासकट पूर्ण रक्कम खर्चात. मेट्रो आणि लोकलची मोबाइलवर काढलेली तिकिटं दुसरा ढीग. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत रिकामा: रिक्षा. मीटरच्या रिक्षाची पावती नसते. यूपीआयने दिलेल्या पैशांसमोर फक्त कुणा रिक्षावाल्याचं नाव आणि ‘६४ रुपये’. ते ६४ रुपये कुर्ल्याचे की भाजी घेऊन घरी आल्याचे, हे स्टेटमेंटवरून कळत नाही.

वाचवलं माझ्या हजेरीच्या वहीने. प्रत्येक वर्गाची तारीख, जागा आणि सुरू-संपायची वेळ मी शिक्षिकेच्या सवयीने लिहितेच. बँक स्टेटमेंट डाव्या हाताला, हजेरीची वही उजव्या हाताला. १२ जून, बुधवार: वर्ग बीकेसी, १० वाजता. स्टेटमेंटवर त्याच सकाळी नऊ बत्तीसला रिक्षाचे पैसे. जुळलं. त्याच दिवशी रात्री आठला आणखी एक रिक्षा, ती डोंबिवलीतली, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलेली. ती बाजूला. असं २२० वर्गांचं केलं. चार रात्री लागल्या. सासूबाई शेजारी बसून एकेक तारीख मोठ्याने वाचायच्या आणि मी खूण करायचे. रोख दिलेल्या भाड्यांसाठी सीए बाईंनी साधी व्हाउचर्स करायला सांगितली: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, सही. पण अट एकच, ज्या दिवशी वर्ग झाल्याचा पुरावा आहे त्याच दिवसाचं व्हाउचर. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं, तेही त्यांनी आठवणीने तपासलं. मी सवयीने जानेवारीतल्या दोन व्हाउचरांवर २६ लिहिलं होतं. ती दोन्ही त्यांनी मला दुरुस्त करायला लावली. तीन-तीन रुपयांसाठी. मला त्यांचं ते करणं फार आवडलं.

पासवर आमची बरीच चर्चा झाली. फर्स्ट क्लासचा पास मी सहाही दिवस वापरते. तीन दिवस कंपन्यांसाठी, तीन दिवस दादरसाठी. शिवाय रविवारी माहेरी जायलाही तोच. त्या म्हणाल्या, कामाचा भाग वेगळा काढता येतो, तेव्हा तेवढाच धरायचा, आणि तो कसा काढला ते वहीत लिहून ठेवायचं. आम्ही निम्मा धरला.

प्रवासाची एकूण बेरीज आली १,१२,६००. त्यातले दादरचे २९,८०० वजा. घरगुती निघालेले ५,४०० वजा. कामाचे उरले ७७,४००. हे भाडं, फोन आणि इंटरनेटचा कामापुरता हिस्सा ९,२००, पुस्तिकांची छपाई १४,६००, आणि ५२,००० च्या लॅपटॉपवर चाळीस टक्के घसारा (वापराने घटलेल्या किमतीपोटी धरायचा खर्च), २०,८००. सगळा खर्च मिळून १,२२,०००.

८,०४,००० मधून तो गेला आणि व्यवसायाचं उत्पन्न राहिलं ६,८२,०००. बचत खात्याचं चार हजार व्याज धरूनही सात लाखांच्या आत. २०२४-२५ साठी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत कलम ८७ए ची सवलत होती, म्हणजे कर शून्य. प्रवासाचा खर्च धरलाच नसता तर उत्पन्न सात लाख त्रेसष्ट हजारांवर गेलं असतं आणि उपकरासह सत्तावीस हजारांच्या पुढे कर बसला असता. ती सगळी रक्कम मी रिक्षा-टॅक्सीवाल्यांना दिलेल्या पैशांवर भरली असती. नव्या प्रणालीत वजावटी नाहीत असं आपण सगळेच ऐकून असतो. ८०सी वगैरे नाहीत, हे खरं. पण व्यवसायाचा खर्च म्हणजे ती वजावट नव्हेच. नफा मोजतानाच तो जातो, प्रणाली कुठलीही असो. हे मला कुणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी मी मिळालेली पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून कर भरला होता.

आयटीआर-३ पहिल्यांदा पाहताना छातीत धस्स होतं. पानंच्या पानं, त्यातली बहुतेक आपल्यासाठी नसतात. नफा-तोटा पत्रकात ‘कन्व्हेयन्स’ आणि ‘ट्रॅव्हलिंग’ असे वेगवेगळे रकाने आहेत. शहरातल्या शहरात केलेलं रिक्षा-टॅक्सी-लोकलचं भाडं आम्ही कन्व्हेयन्समध्ये टाकलं. माझ्यासारख्यांचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की हिशेबाच्या वह्या ठेवणं बंधनकारक असतं, तेही तेव्हाच समजलं. मग कीर्द आणि खतावणी दोन्ही एक्सेलमध्ये उतरवल्या. मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली होती, पुढे आणखी एक दिवस वाढली. आम्ही ११ तारखेला रिटर्न भरलं, आधारच्या ओटीपीने त्याच संध्याकाळी पडताळणी केली. एकदा भरलं की झालं असं वाटतं, पण तीस दिवसांत पडताळणी झाली नाही तर ते वेळेत भरलेलं धरत नाहीत.

दिवाळीच्या आधी, मरोळच्या वर्गात ‘मला पाहिजे’ आणि ‘मला हवं’ यातला फरक सांगत असताना, फोन थरथरला. मी वर्गात फोन बघत नाही. बाहेर पडून टॅक्सीत बसल्यावर पाहिलं. कापलेले ८०,४०० आणि वर थोडं व्याज खात्यात आलं होतं. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे १२ जूनची रिक्षा मंजूर झाली तर.’

यंदा करार नव्याने करताना मी दोन गोष्टी मागितल्या. प्रवासखर्चाचं बिल फीपासून वेगळं, पावत्या जोडून. ते संस्थेने मान्य केलं. आणि शनिवारची बॅच साडेसातला सुटावी, किंवा रात्रीची टॅक्सी संस्थेने द्यावी. टॅक्सीला नाही म्हणाले, बॅच मात्र अलीकडे आणली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. सीए बाईंनी तेवढ्यासाठी मला मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय.

वहीत आता दोन रकाने आखलेत, ‘कामाचा’ आणि ‘घरचा’. रिक्षातून उतरले की चालता चालता लिहून टाकते. काल कुर्ला ते बीकेसी, ७८ रुपये, कामाचा. बीकेसी ते मरोळ, २४६, कामाचा. गेला शनिवार, दादर ते डोंबिवली, आठ चारची लोकल, घरचा.